थेंब मोजणारा माणूस

मला हँगरमध्ये सगळ्यात आधी काय शिकवलं असेल तर थेंब मोजायला. लढाऊ विमानाच्या पोटाखाली हायड्रॉलिक ऑइल कुठून ना कुठून थोडंफार पाझरतंच, आणि कुठल्या जागेतून मिनिटाला किती थेंब चालतील, कुठून एकही चालणार नाही, हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. मग सिस्टीमला प्रेशर द्यायचं, घड्याळ हातात घ्यायचं, टॉर्च मारायची आणि उकिडवं बसून बघत राहायचं. मी मोजले, तीन थेंब. लिमिट पाचची होती, म्हणून मी उठलो आणि ओके म्हणालो. आमचे सिनियर म्हणाले, काल किती होते? मी म्हटलं काल माझी ड्युटी नव्हती. ते म्हणाले, काल दोन होते, परवा एक होता, आता लिही. लॉगबुकमध्ये लिही, लिमिटमध्ये असले तरी लिही, म्हणजे उद्या जो इथे बसेल त्याला कळेल की हे वाढत चाललंय.

त्यानंतर बरीच वर्षं युनिफॉर्ममध्ये काढली, मग बाहेर पडलो आणि एका खासगी कंत्राटदाराकडे लागलो, काम तेच, विमानंही जवळपास तीच. म्हणजे या विषयाच्या दोन्ही बाजूंना मी हात काळे केलेले आहेत. म्हणून लष्करी विमानांचा मेंटेनन्स खासगी कंपन्यांना द्यावा की देऊ नये यावर कुणी एका वाक्यात निकाल दिला ना, की मला राहवत नाही. एक म्हणतो देश विकला, दुसरा म्हणतो सरकारी लोक कामच करत नाहीत, आणि दोघांनीही विमानाचं पॅनेल उघडून आत बघितलेलं नसतं.

आधी एक गोष्ट साफ सांगतो. कंत्राटदाराकडे काम करणारे लोक वाईट नसतात. माझ्या हँगरमधले निम्मेअधिक पूर्वी फौजेतच होते. हत्यारं चांगली होती, उजेड भरपूर होता, टूल बोर्डवर प्रत्येक पान्याची आकृती काढलेली होती आणि संध्याकाळी एक जरी आकृती रिकामी दिसली तरी विमान जागचं हलायचं नाही. काळजी घेणारी माणसं दोन्हीकडे भेटली, कामचुकारही दोन्हीकडे भेटले. फरक माणसांत नाहीये, फरक आहे तो कागदात काय लिहिलंय आणि तो कागद वाचणारा समोर कोण बसलाय यात.

पैसे कशाचे द्यायचे, सगळं इथूनच सुरू होतं. जुनी पद्धत अशी की पार्ट खराब झाला, दुरुस्त करून घेतला, बिल दिलं. यात गोची अशी की पार्ट जितका जास्त वेळा बिघडेल तितकी दुरुस्त करणाऱ्याची कमाई जास्त. १९६२ साली ब्रिस्टल सिडली या ब्रिटिश कंपनीने व्हायपर इंजिनासाठी वेगळाच मार्ग काढला, इंजिन जितके तास उडेल तितक्या तासांचे ठरलेल्या दराने पैसे घ्यायचे, मग दुरुस्ती, पार्ट सगळं कंपनीच्या अंगावर. पुढे रोल्स-रॉईसने हे मॉडेल खूप मोठं केलं. कल्पना खरोखर हुशारीची आहे, कारण इंजिन चालू राहण्यात आता दोघांचाही फायदा. लष्करांनीही हेच उचललं, पार्ट विकत घेऊ नका, विमान उपलब्ध असण्याचे पैसे द्या.

आणि हे चाललंही. ब्रिटनच्या टॉर्नेडो आणि हॅरियर विमानांच्या बाबतीत त्यांनी खोल दुरुस्तीची, म्हणजे विमान पूर्ण उघडून करायची कामं एकाच ठिकाणी आणली, टॉर्नेडोंची मारहॅमच्या हवाई तळावर आणि हॅरियरांची कॉट्समोरच्या, आणि तिथे हवाई दलाचे टेक्निशियन आणि कंपनीचे लोक एकत्र एकाच लाइनवर काम करायला लागले. २००७ साली सरकारी खर्च तपासणाऱ्या तिथल्या नॅशनल ऑडिट ऑफिसने हिशोब तपासला तेव्हा काही वर्षांत मिळून एक अब्ज पौंडांहून जास्त खर्च कमी झालेला दिसला. मी हे उदाहरण नेहमी देतो आणि देताना एका शब्दावर जोर देतो, एकत्र. युनिफॉर्मवाला तिथे फाइल घेऊन भेट द्यायला येत नव्हता, त्याचेही हात त्याच विमानात होते.

आता माझा अनुभव सांगतो, कुठला, कुणाचा, ते महत्त्वाचं नाही. एक विमान आमच्याकडे ठरलेल्या कामासाठी आलं होतं. एक पॅनेल उघडलं, आतलं जे काम होतं ते केलं, बंद करता करता माझी नजर पलीकडच्या एका पाइपवर गेली. पाइपला धरून ठेवणारा क्लॅम्प सैल झाला होता, त्याच्या आतलं रबर झिजून गेलं होतं आणि धातू धातूवर घासून पाइपवर नखाएवढी चकचकीत जागा तयार झाली होती. बोट फिरवलं तर खाच लागली. युनिफॉर्ममध्ये असतो तर स्नॅग, म्हणजे सापडलेला दोष, लिहिला असता, क्लॅम्प मागवला असता, पाइप तपासून घेतला असता, संध्याकाळपर्यंत विषय संपला असता. इथे तो पाइप आमच्या वर्क पॅकेजमध्ये, म्हणजे ठरलेल्या कामांच्या यादीत, नव्हता. कंत्राटाबाहेरचं काम निघालं की त्याला आमच्या धंद्यात ओव्हर अँड अबव्ह म्हणतात, त्याचा वेगळा फॉर्म, वेगळा अंदाज, वेगळी मंजुरी. हे बरोबरही आहे म्हणा, नाहीतर कुठलीही कंपनी काहीही सापडलं म्हणून सांगेल आणि बिल वाढवेल. मी फॉर्म भरला, फोटो काढला, पाठवला.

मंजुरी देणारा माणूस लष्कराचा होता, सज्जन होता, मनापासून काम करणारा होता. त्याने फोन केला आणि विचारलं की हे आत्ता करणं गरजेचं आहे का पुढच्या इन्स्पेक्शनला केलं तर चालेल. मी म्हटलं तुम्ही येऊन एकदा बोट फिरवून बघा. तो आला, टॉर्च घेतली, वाकला, आणि मला कळलं की त्याला नेमकं कुठे बघायचं हेच माहीत नाहीये. त्याने त्या जातीच्या विमानावर कधी कामच केलेलं नव्हतं. करणार तरी कुठे, त्यांचा स्वतःचा खोल दुरुस्तीचा हँगर बंद होऊन बरीच वर्षं झाली होती, त्यातली माणसं रिटायर झाली होती किंवा माझ्यासारखी इकडे आली होती. तो माझ्या तोंडाकडे बघत होता, मी सांगतोय ते खरं की बिल वाढवायला सांगतोय हे माझ्या चेहऱ्यावरून ओळखायचा प्रयत्न करत होता. मला त्याचा राग नाही आला, वाईट वाटलं. नऊ दिवसांनी मंजुरी आली. नऊ दिवस विमान जागेवर उभं.

माझं जे काही म्हणणं आहे ते त्या नऊ दिवसांत आहे. काम बाहेर देता येतं, पण झालेलं काम बरोबर की चूक हे ओळखण्याची नजर बाहेर देता येत नाही, आणि ती नजर स्वतः काम केल्याशिवाय येत नाही. पहिल्या पिढीला काही फरक पडत नाही कारण देखरेख करणारे लोक स्वतः कधीतरी हात काळे केलेले असतात. पंधरा-वीस वर्षांनी ते जातात आणि त्यांच्या खुर्चीत जो येतो त्याने फक्त कंत्राटं बघितलेली असतात. कागदावर सगळं जसंच्या तसं असतं, पदं तीच, सह्या त्याच, पण आतून ती खुर्ची रिकामी झालेली असते आणि हे कुठल्याच रिपोर्टमध्ये दिसत नाही.

फ्लाइट लाइनवर, म्हणजे विमानं उड्डाणासाठी तयार करतात तिथे, हेच वेगळ्या रूपात दिसतं. पोरं आता बॉक्स काढतात आणि बॉक्स लावतात. कॉम्प्युटर सांगतो अमुक युनिट फेल, ते काढायचं, पेटीत घालून कंपनीला पाठवायचं, दुसरं लावायचं. आत काय बिघडलं होतं ते त्यांना कधीच कळत नाही. पोरं हुशार आहेत, आमच्यापेक्षा हुशार आहेत, पण बॉक्स उघडायची त्यांना परवानगीच नाही, आणि कधी कधी तो उघडायचा कसा हे सांगणारा कागद त्यांच्या लष्कराकडेही नसतो.

कागद म्हणजे टेक्निकल डेटा. एफ-३५ हे लढाऊ विमान बघा. अमेरिकेने हे विमान घेताना सुरुवातीला त्याच्या देखभालीचा डेटाच नीट विकत घेतला नाही, सगळा भरवसा कंपनीवर टाकला. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये सरकारी खर्च तपासणाऱ्या तिथल्या गव्हर्नमेंट अकाउंटॅबिलिटी ऑफिसचा रिपोर्ट आला, त्यात मार्च २०२३ मध्ये मोहिमेवर जाऊ शकतील अशा स्थितीतलं विमानांचं प्रमाण होतं साधारण ५५%, आणि टार्गेट होतं ८५ ते ९०. दहा हजारांहून जास्त सुटे भाग दुरुस्तीच्या रांगेत पडून होते. त्याच वर्षी त्यांचे हवाई दलाचे सेक्रेटरी फ्रँक केंडल यांनी सगळ्यांसमोर सांगितलं की या प्रोग्राममध्ये डेटाचे हक्क न घेणं ही गंभीर चूक होती. मला या आकड्यांपेक्षा एक गोष्ट जास्त खुपते, विमान तुमचं, पैसे तुमचे, पायलट तुमचा, आणि त्याचा एखादा भाग कसा खोलायचा हे विचारायला परत त्याच दारात जायचं, ज्याला तुमच्या अडचणीची किंमत बरोबर माहिती आहे.

याच अमेरिकेत एक कायदाही आहे, म्हणजे त्यांना हे कळत नव्हतं असं नाही. डेपो पातळीच्या मेंटेनन्सवर, म्हणजे मोठ्या, खोल दुरुस्तीवर, प्रत्येक दल वर्षाला जेवढा पैसा खर्च करतं त्यातला जास्तीत जास्त ५०% च खासगी कंत्राटदारांकडे जाऊ शकतो. आधी ही मर्यादा ४०% होती, १९९७ मध्ये वाढवून अर्धी केली. अर्धा हा आकडा कुणी मोजूनमापून काढलेला नाही, ते राजकारण्यांनी एकमेकांशी केलेलं सेटलमेंट आहे, डेपोंच्या गावांतल्या नोकऱ्या आणि कंपन्यांची ताकद यांच्यामधलं. तरी मला तो कायदा आवडतो, कारण त्याने निदान काहीतरी आपल्या हातात राहिलंच पाहिजे हे मान्य केलंय.

आणि काहीच हातात ठेवलं नाही तर काय होतं ते अफगाणिस्तानात दिसलं. त्यांचे टेक्निशियन जुन्या रशियन एमआय-१७ हेलिकॉप्टरांवर चांगले तयार झाले होते, त्यांच्या मेंटेनन्सचं बहुतेक काम ते स्वतः करायचे. मग ती हेलिकॉप्टरं हळूहळू बाजूला काढून अमेरिकन ब्लॅक हॉक द्यायला सुरुवात झाली, आणि ब्लॅक हॉकचं जवळजवळ सगळं काम परदेशी कंत्राटदार करायचे. जानेवारी २०२१ मध्येच त्यांना ट्रेनिंग देणाऱ्या अमेरिकन पथकाने सांगून ठेवलं होतं की कंत्राटदार गेले तर यांचं कुठलंही विमान लढण्याच्या लायकीचं काही महिन्यांपेक्षा जास्त टिकणार नाही. त्या उन्हाळ्यात कंत्राटदार गेले. काही काळ व्हिडिओ कॉलवरून दुरुस्ती शिकवायचा प्रयत्न झाला, म्हणजे एका देशात हेलिकॉप्टरसमोर उभा असलेला पोरगा फोनचा कॅमेरा धरून आणि दुसऱ्या देशातला माणूस स्क्रीनवर बघून सांगतोय. मी त्या पोरांच्या जागी स्वतःला ठेवून बघतो तेव्हा घशाशी येतं, कारण मला माहितीये की बोट फिरवल्याशिवाय खाच कळत नाही, कॅमेऱ्यात ती नुसती चमक दिसते. १५ ऑगस्ट २०२१ ला काबूल पडलं. ते फक्त विमानांमुळे पडलं असं कुणीच म्हणणार नाही, पण आपल्याकडे म्हणतात ना दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणं, ते मी इतकं उघडं कधी बघितलं नव्हतं.

अगदी बलाढ्य लष्करालाही हा प्रश्न सुटत नाही. सैनिकाला हुकूम देता येतो. कंत्राटदाराच्या टेक्निशियनला हुकूम देता येत नाही, त्याच्याशी करार असतो, तो राजीनामा देऊ शकतो, त्याची कंपनी विमा मिळत नाही म्हणून त्याला परत बोलावू शकते. १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराप्रमाणे सैन्यासोबत असलेला असा माणूस पकडला गेला तर युद्धकैदी धरला जातो, पण तो असतो नागरिकच. मी स्वतः एकदा अशा जागी जायला नाही म्हणालो होतो, घरात लहान मूल होतं. कुणी मला काही बोललं नाही, बोलू शकत नव्हतं. माझ्या जागी युनिफॉर्ममधला कुणीतरी गेला असेल, आणि त्याला ते काम माझ्याइतकं येत होतं का, हा विचार अजून माझी पाठ सोडत नाही.

निमरॉडबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. २ सप्टेंबर २००६, ब्रिटिश हवाई दलाचं निमरॉड जातीचं टेहळणी विमान, नंबर एक्सव्ही२३०, अफगाणिस्तानात कंदाहारजवळ, हवेतल्या हवेत इंधन घेऊन झालं आणि थोड्याच वेळात आग लागली. आतली १४ च्या १४ माणसं गेली. इंधन गळून अतिशय गरम हवेच्या डक्टपाशी पोचलं होतं. विमान १९६९ पासून सेवेत होतं. या विमानाची सेफ्टी केस, म्हणजे कुठे काय धोका आहे आणि त्यावर काय केलंय याचा दस्तऐवज, अपघाताच्या आधीच तयार झाला होता. तो बनवला बीएई सिस्टीम्स या कंपनीने, त्यावर स्वतंत्र सल्लागार होती क्विनेटिक ही दुसरी कंपनी, आणि तो स्वीकारला संरक्षण मंत्रालयाच्या टीमने. चार्ल्स हॅडन-केव्ह यांचा चौकशी रिपोर्ट ऑक्टोबर २००९ मध्ये आला आणि त्यात तिघांवरही कडक ठपका आहे. बीएईने ४०% हून जास्त धोके ओपन म्हणजे न सुटलेले तसेच ठेवले होते, आणि काम पूर्ण झालं असं समजून सगळे पुढे गेले. मुळात हे विमान इतकी वर्षं उडतंय म्हणजे सुरक्षितच असणार, असं धरूनच कागद भरले गेले होते. त्याच काळात मंत्रालयाच्या लॉजिस्टिक्स खात्याला खर्च २०% कमी करायचं टार्गेट दिलेलं होतं आणि सगळ्यांचं लक्ष तिकडे होतं.

हा रिपोर्ट मी जितक्या वेळा वाचला तितक्या वेळा मला थेंब आठवले. इंधनाची गळती तिथे नवीन नव्हती, जुन्या विमानात असं थोडंफार व्हायचंच असं मानलं जात होतं. कंपनीला वाटलं मंत्रालय बघेल, मंत्रालयाला वाटलं तज्ज्ञांनी बघितलंय, सल्लागाराने नीट न वाचता मान हलवली. पाने आणि नटबोल्ट बाहेर देणं वेगळं, इथे विचार करण्याचं कामच बाहेर दिलं गेलं होतं.

पण सरकारी डेपो असता तर असं झालं नसतं, असं कुणी म्हणत असेल तर त्याने १० जुलै २०१७ चा अपघातही वाचावा. अमेरिकन मरीन कोअरचं केसी-१३०टी हे मालवाहू विमान मिसिसिपी राज्यावर हवेतच तुटलं, १६ जण गेले. एका प्रोपेलरच्या पात्यावर गंज होता, त्यातून चीर वाढली आणि पातं सुटून थेट विमानाच्या अंगात घुसलं. ते पातं २०११ मध्ये ओव्हरहॉल, म्हणजे पूर्ण तपासून दुरुस्त, झालं होतं आणि तिथे तो गंज काढायला हवा होता, तो निघाला नाही. ते काम झालं होतं वॉर्नर रॉबिन्सच्या हवाई दलाच्या डेपोत, सरकारी डेपोत. आणि त्या पात्यावर नेमकं कुणी काम केलं हे शोधायला गेले तर तेवढ्या जुन्या नोंदीच ठेवलेल्या नव्हत्या. १६ घरं, आणि कुणाच्या सहीपर्यंत पोचता येत नाही. सरकारी की खासगी या भांडणाचा या पात्याशी काही संबंध नाही, त्या दिवशी त्या टेबलासमोर बघणारा कुणीतरी हवा होता आणि त्याच्या मागे परत बघणारा आणखी एक हवा होता.

मग मी काय मागतो? विमान विकत घेतानाच दुरुस्तीचा डेटा विकत घ्या, नंतर मागायला गेलात तर किंमत तो ठरवेल. प्रत्येक जातीच्या विमानाचं थोडं तरी खोल काम स्वतःच्या हँगरमध्ये ठेवा, बाहेर स्वस्त पडत असलं तरी ठेवा, तो खर्च दुरुस्तीचा समजू नका, शिक्षणाचा समजा. लॉगबुकच्या नोंदी कंत्राट बदललं तरी विमानासोबत राहिल्या पाहिजेत. आणि कंपनीच्या हँगरमध्ये युनिफॉर्ममधली पोरं पाठवा, भेटीला नाही, दोन-दोन वर्षं कामाला, त्यांच्या हातात पाना द्या.

आमच्याकडे शेवटच्या काळात अशी थोडी पोरं आली होती. त्यातला एक अगदी गप्प असायचा, सुरुवातीला मला वाटलं याला रस नाहीये. वर्षभर माझ्या शेजारी काम केलं. एका दुपारी मी दोन बोल्टना सेफ्टी वायर करत होतो. तार एका बोल्टमधून ओवायची, पीळ द्यायचा, दुसऱ्यातून न्यायची, आणि ओढ अशी बसली पाहिजे की बोल्ट सैल व्हायला लागला तर तारच त्याला घट्ट होण्याच्या बाजूला ओढेल. हजारो वेळा केलेलं काम. पीळ सुंदर बसला होता, शेपूट वळवून आत दाबलं होतं. त्या दिवशी इन्स्पेक्शनची सही त्याची होती. तो वाकला, टॉर्च मारली, बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला, सर, शेपूट मागच्या पाइपला लागतंय. मी म्हटलं नाही लागणार, जागा आहे. तो म्हणाला, आत्ता आहे सर, इंजिन चालू झाल्यावर पाइप हलेल ना. आणि मी काही बोलायच्या आत त्याने पक्कड घेतली आणि माझ्यासमोर ती तार कापली.

मी वाकून बघितलं. केसाएवढी जागा होती. मी नवीन तार घेतली आणि पुन्हा ओवायला बसलो, तो टॉर्च धरून शेजारी उभा राहिला.